मणी, मेंब्रेन आणि जंतूंचा संवाद : एका वादाची पार्श्वभूमी

एमबीआर (मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टर, म्हणजे जंतूंकडून सांडपाणी साफ करून घेऊन ते मेंब्रेनमधून गाळायचं) या पद्धतीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, चालवणाऱ्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त डोकेदुखी कशाची? उत्तर ठरलेलं असतं: मेंब्रेन चोक होते. पाणी आणि गाळ वेगळं करणाऱ्या या पडद्याची छिद्रं मायक्रॉनपेक्षाही बारीक. त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर चढतो, तेवढंच पाणी ओढायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो. थर सुटावा म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडत ब्लोअर फिरत राहतो आणि विजेचं बिल वाढवतो. एवढं करूनही अधूनमधून हायपोक्लोराइटने (ब्लीचने) धुणं आलंच. गेल्या पंधरा-सतरा वर्षांत या थरावर एक वेगळाच इलाज पुढे आला आहे. थर करणाऱ्या जंतूंना मारायचं नाही, त्यांचं आपापसातलं बोलणं तोडायचं. आणि हे काम करणारे दुसरे जंतू समुद्री शेवाळातून काढलेल्या अल्जिनेटच्या मण्यांत कोंडून त्याच टाकीत सोडायचे.

मणी टाकले की मेंब्रेन उशिरा चोक होते, हे आता फारसं कोणी नाकारत नाही. वाद आहे तो कशामुळे, यावर.

जंतूंच्या बोलण्याचा इतिहास आता बऱ्याच जणांना तोंडपाठ असतो, म्हणून थोडक्यात. 1965 मध्ये न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करताना असं दिसलं, की बाहेरून डीएनए आत घेण्याची त्यांची क्षमता ते स्वतःच बाहेर सोडत असलेल्या एका पदार्थावर अवलंबून आहे. 1970 मध्ये समुद्रातल्या चमकणाऱ्या जंतूंबाबत अमेरिकेत तसंच काहीसं नोंदवलं गेलं: संख्या कमी असताना अंधार, दाटी झाली की प्रकाश. (कोकणच्या किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात त्याचा या जंतूंशी संबंध नाही. तो नॉक्टिलुका या एकपेशीय जीवाचा प्रकाश.) 1981 मध्ये बाहेर सोडल्या जाणाऱ्या या पदार्थाचं, म्हणजे संकेताचं, रेणूरूप सापडलं. तो एएचएल (अ‍ॅसिल होमोसेरिन लॅक्टोन) या वर्गातला निघाला. तोवर हा विषय समुद्री जिवांच्या अभ्यासकांपुरताच होता. 1992 मध्ये भाज्या सडवणाऱ्या एका जंतूतही तोच रेणू सापडला आणि चित्र पालटलं. 1994 मध्ये ‘कोरम सेन्सिंग’ हे नाव रूढ झालं. पुरेसे सभासद जमल्याशिवाय ठराव नाही, ही कल्पना सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत बसलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आपल्या विषयाला खरी कलाटणी मिळाली 1998 मध्ये. स्यूडोमोनास या जंतूचा संकेत तयार करण्याचा जनुक निकामी केला, तर त्याचा बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, सपाट आणि विस्कळीत होतो, आणि साबणासारख्या साध्या द्रावणानेही सुटून येतो, असं तेव्हा दाखवलं गेलं. कॅथेटर, जखमा, पाण्याच्या पाइपलाइन, जहाजांचे तळ. जिथे जिथे असा चिकट थर त्रास देतो तिथे तिथे एकच विचार सुरू झाला, की संकेतच तोडला तर? ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं एक लाल शेवाळ आपल्या अंगावर जंतूंना फारसं बसू देत नाही, आणि त्यातली फ्युरॅनोन नावाची संयुगं संकेतात अडथळा आणतात, हे त्याच दशकात कळलं होतं. 2000 मध्ये सिंगापूरहून आणखी एक बातमी आली: मातीतल्या एका बॅसिलस जंतूकडे एएचएलचं वलय फोडणारं एन्झाइम आहे. म्हणजे जंतूच जंतूंचं बोलणं तोडतात, आणि ही युक्ती निसर्गात आधीपासूनच आहे.

पुढच्या दहा वर्षांत वैद्यकीय बाजूने फार मोठी आश्वासनं दिली गेली, आणि त्यातलं एक जरा घाईचंच होतं. जंतूला मारत नसल्यामुळे त्याच्यावर निवडीचा दाब येणार नाही, म्हणून या औषधांना प्रतिकार निर्माण होणार नाही, हे वाक्य त्या काळातल्या जवळपास प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात असायचं. 2012 मध्ये फ्युरॅनोनलाही दाद न देणारे स्यूडोमोनास सापडले. विषारी पदार्थ पेशीबाहेर फेकणारे पंप त्यांनी जोरात चालवले होते. त्याआधी 2010 मध्ये कृत्रिम श्वसनावरच्या रुग्णांमधून जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. उपचाराविना संकेत न ऐकणारे आयतखाऊ जंतू हळूहळू वाढतात आणि एकूण वस्ती सौम्य होत जाते. संकेत दाबणारं ॲझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं, की आयतखाऊंचा तो फायदा संपतो आणि मूळचे उपद्रवी जंतू टिकून राहतात. लसणाचीही चाचणी झाली. प्रयोगशाळेत लसणाचा अर्क संकेत छान दाबतो, पण सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसांच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांवरच्या छोट्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. केवळ संकेत तोडण्याच्या गुणावर मंजुरी मिळालेलं औषध आजही बाजारात नाही.

पर्यावरण अभियांत्रिकीला हा उंबरठा नव्हता. टाकीतल्या गाळाला दुष्परिणाम होत नाहीत, चाचणीसाठी संमतीपत्रं लागत नाहीत, आणि यश मोजायचं तर मेंब्रेनवरचा दाब किती दिवसांनी चढला, एवढं पाहिलं की झालं. त्यामुळे या संशोधनाचा व्यवहारात उतरलेला भाग सांडपाण्याकडे वळला, असं माझं मत आहे. औषधांच्या बाजूला बातम्या जास्त झाल्या, इतकंच.

पहिला प्रयत्न सोल शहरात झाला. 2009 मध्ये डुकराच्या मूत्रपिंडातून मिळणारं अ‍ॅसिलेज हे एन्झाइम चुंबकीय कणांवर बसवून टाकीत घातलं, आणि मेंब्रेन उशिरा चोक झाली. पण शुद्ध एन्झाइम महाग आणि नाजूक. मग विचार आला, की एन्झाइम तयार करणारा जंतूच टाकीत ठेवला तर? प्रत्यक्ष चालू असलेल्या एमबीआरच्या गाळातून ऱ्होडोकॉकस या जंतूचा एक वाण वेगळा केला गेला. तो आधी सूक्ष्म छिद्रांच्या नळीत बंद करून टाकीत सोडला. अशी नळी एका जागी लटकत राहायची, टाकीतल्या सगळ्या पाण्यापर्यंत तिचा हात पोचायचा नाही. म्हणून 2013 च्या सुमारास अल्जिनेटचे मणी आले.

अल्जिनेट ही गोष्ट जुनी. 1881 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या तपकिरी शेवाळातून ती पहिल्यांदा वेगळी केली गेली. जैव-आधारित पदार्थांच्या वंशावळीत अशी आणखी नावं आहेत: कवच आणि बुरशीतलं कायटिन, त्यापासून बनणारं कायटोसान, 1926 मध्ये पॅरिसमध्ये बॅसिलसच्या पेशीत सापडलेलं पीएचबी हे नैसर्गिक प्लास्टिक. जिवंत जंतू कोंडायला यातलं अल्जिनेटच का? कारण ते खोलीच्या तापमानाला, कुठलंही जालीम रसायन न लागता गोठतं. कायटोसान जखमेच्या पट्टीसाठी उत्तम, पण ते स्वतःच जंतूंना त्रासदायक असतं.

मणी कसे करतात हे बायोटेक्नॉलॉजीच्या कुठल्याही विद्यार्थ्याने पाहिलेलं असतं, फक्त त्याच्या मण्यात यीस्ट असतं. सोडियम अल्जिनेटच्या दाट द्रावणात जंतू कालवायचे, सिरिंजने एकेक थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचा. थेंब खाली पोचेपर्यंत त्याला कातडी धरते. थोड्या वेळाने भिजवलेल्या साबुदाण्यासारखे गोळे हाताला लागतात, दाबले तर मऊ पण न फुटणारे. कॅल्शियमने अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. संकेताचे बारके रेणू त्यातून आत शिरतात, जंतू सहसा बाहेर पडत नाहीत.

अडचणही याच बांधणीत आहे. जखमेवरच्या अल्जिनेट पट्टीत कॅल्शियम सुटतं आणि रक्तद्रवातलं सोडियम त्याची जागा घेतं. पट्टीचा ओलसर जेल होतो आणि नर्सला ती न ओरबाडता काढता येते. तिथे हा गुण. सांडपाण्यात तेच सोडियम असतं, शिवाय फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं. मणी फुगतो, सैल पडतो आणि बुडबुड्यांच्या मारात झिजतो. पुढे म्हणून पीव्हीएसारख्या कृत्रिम पॉलिमरची जोड द्यावी लागली. तेव्हापासून या मण्यांना ‘जैव-आधारित’ म्हणताना जरा सांभाळूनच म्हणावं.

आता मूळ वाद. त्याच सुरुवातीच्या प्रयोगांत तुलनेसाठी रिकामे मणीही घातले होते, आत जंतू नसलेले. त्यांनीही मेंब्रेन काही प्रमाणात साफ ठेवली. कारण उघड आहे: बुडबुड्यांबरोबर फिरणारे हजारो मणी मेंब्रेनवर आपटतात आणि थर घासून काढतात. जंतू असलेल्या मण्यांनी त्याहून चांगलं काम केलं, हेही खरं. या फरकातून संकेत तोडण्याचा वाटा काढायचा, असं साधं गणित मांडलं गेलं. पण ते तितकं साधं नाही. जंतू वाढलेल्या मण्याचं वजन, टणकपणा, पृष्ठभाग रिकाम्या मण्यासारखा राहत नाही, म्हणजे घासण्याचा जोरही तोच राहत नाही. आतले जंतू टाकीतलं अन्नही खातात. शिवाय सुरुवातीचे बरेच प्रयोग काही लिटरच्या टाक्यांत, ग्लुकोज घालून बनवलेल्या कृत्रिम सांडपाण्यावर झालेले. खऱ्या नाल्याच्या पाण्यात तेल येतं, फिनाइल येतं, पावसाळ्यात सगळंच पातळ होतं.

टीकाकारांचा आणखी एक मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. तो ऱ्होडोकॉकस मुळात एमबीआरच्या गाळातूनच आला. म्हणजे संकेत तोडणारे जंतू टाकीत आधीपासून असतात, आणि तरीही मेंब्रेन चोक होतेच. मग बाहेरून आणखी घातल्याने नेमकं काय बदलतं? समर्थकांचं उत्तर असं, की मोकळे जंतू गाळाच्या स्पर्धेत मागे पडतात, मण्यात त्यांना आसरा मिळतो. पटण्यासारखं आहे. पण मग काम करतो तो संकेतावर धरलेला नेम की आसऱ्यामुळे टिकलेली संख्या, हे पुन्हा उघडंच राहतं. शिवाय ऱ्होडोकॉकस फक्त एएचएल तोडतो. ग्राम-पॉझिटिव्ह या जंतूंच्या मोठ्या गटातले जंतू पेप्टाइडने (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांनी) बोलतात, आणि बोरॉन धरून ठेवणारा, अनेक जातींना समजणारा दुसरा संकेतही 2002 पासून माहीत आहे.

ऑपरेटरला या सगळ्याशी काय देणंघेणं, असं म्हणता येईल. मेंब्रेन साफ राहिली म्हणजे झालं. पण खर्चाच्या वहीत फरक पडतो. घासण्यानेच भागत असेल तर जंतू वाढवून, मण्यात भरून, झिजले की बदलून देण्याची गरज नाही. साधे प्लास्टिकचे दाणे टाकून मेंब्रेन घासण्याची पद्धत युरोपात वापरात आहे. उलट संकेताचा वाटा खरा असेल, तर घासण्यावर भर न देता हवा कमी करता येईल, आणि बचत तिथेच आहे. म्हणून नंतरच्या काळात मण्यांऐवजी पोकळ दंडगोल आणि पातळ पत्रे आले. मण्याच्या गाभ्यातले जंतू तसेही फारसे उपयोगी पडत नाहीत, पृष्ठभागाजवळचेच काम करतात. खऱ्या शहरी सांडपाण्यावर पायलट पातळीचे प्रयोग 2016 च्या आसपास प्रसिद्ध झाले आणि निष्कर्ष आशादायक होते. प्रत्येक नव्या आकाराबरोबर रिकाम्या जोडीदाराची, म्हणजे जंतू नसलेल्या त्याच आकाराची, चाचणी व्हायला हवी. सगळे ती करत नाहीत.

दरम्यान त्याच क्षेत्राच्या दुसऱ्या टोकाला उलटी गरज उभी राहिली आहे. एरोबिक ग्रॅन्युलर स्लज या पद्धतीत गाळाचे घट्ट दाणे व्हावे लागतात, आणि ते होताना एएचएल वाढतं, असं 2014 पासून दाखवलं जातंय. तिथे संकेत टिकवायचा आहे, जमलं तर वाढवायचा आहे. ग्रॅन्युलर गाळ आणि मेंब्रेन एकाच टाकीत बसवू पाहणाऱ्यांना मणी घालावेत की नाही, हे त्यामुळे अजून ठरवता आलेलं नाही.