पार्श्वभूमी : पाचवं शील आणि मोहाचं फूल

सायकेडेलिक, म्हणजे मनाची जाणीव पालटवणाऱ्या द्रव्यांचा अनुभव आणि बौद्ध साधना एकाच ठिकाणी पोचवतात का, हा वाद आता भंडारा-गोंदियाकडच्या गावांतही येऊन बसला आहे. पुण्या-बंगळुरूला नोकरीला लागलेली पोरं सणाला घरी येतात आणि विहाराच्या ओट्यावर मोबाइलमधून कुणाचं तरी भाषण ऐकवतात: मशरूम घेतलं की 'मी' विरघळतो, बुद्धानं अनात्म, म्हणजे कायमचा 'मी' नाही, म्हटलं ते हेच. म्हातारे ऐकून घेतात. मग एक जण विचारतो, "मंग पाचव्या शीलाचं कसं कराचं गा?" पाचवं शील म्हणजे नशेपासून दूर राहण्याचं व्रत.

तिकडचे द्रव्यवाले आणि इकडचे विदर्भातले बौद्ध, दोन्हीकडची माणसं बुद्धाकडे आली ती उलट्या वाटांनी. 'सायकेडेलिक' हा शब्द १९५६ चा. एका ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं लेखक-मित्राला लिहिलेल्या पत्रात तो ग्रीकवरून घडवला. अर्थ साधारण 'मन उघड करणारं'. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांची धम्मदीक्षा झाली. योगायोगच, पण इथून मोजायला सोयीचा. १९६४ मध्ये अमेरिकेत तिघा जणांनी मृत्यूनंतरच्या अवस्थांवरचा तिबेटी ग्रंथ एलएसडी घेणाऱ्यांसाठी वाटाड्या म्हणून नव्यानं मांडला. पुढच्या दशकात बोधगयेला ध्यानाला बसलेल्या गोऱ्या पोरापोरींतले कितीतरी याच दारातून आले होते. विदर्भात मात्र बुद्ध घरात आला तो दारू बाहेर काढून. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांतली 'मी दारू पिणार नाही' ही ओळ सरळ आहे, तिला 'पण' नाही. माझ्या आजीच्या तोंडी 'दीक्षा घेतली' आणि 'पिणं सुटलं' ही एकाच दमात यायची.

खरी गुंतागुंत शीलाच्या शब्दांत आहे. पालीत ते असं: 'सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी...' वेरमणी म्हणजे दूर राहणं. सुरा म्हणजे पिठाची, धान्याची. मेरय फुलांची, फळांची, गुळाची. 'मज्ज' हे या दोहोंचंच सामान्यनाम, की नशा आणणारी तिसरी कुठलीही वस्तू? आणि 'पमादट्ठान' म्हणजे प्रमादाचं, बेसावधपणाचं ठिकाण. द्रव्यांची बाजू घेणारे नेमकं इथं बोट ठेवतात: शीलाचा रोख बेसावधपणावर आहे, मग जे सावध करतं ते त्यात कसं बसेल?

युक्तिवाद चतुर आहे. विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातली गोष्ट त्याला सोयीची नाही, एवढंच. नागाला वश करणारा एक भिक्खू कोसंबीत घरोघरी दिलेली दारू पिऊन वेशीत पडला. त्याला उचलून आणला, बुद्धाकडे डोकं करून निजवला, तर त्यानं वळून पाय बुद्धाकडे केले. बुद्धानं विचारलं, आता याच्यानं पाणसाप तरी वश होईल का? तो भिक्खू सिद्धीवाला होता, ऐरागैरा नव्हे. नियम त्याच्यावरूनच झाला.

विहारात मराठीतून म्हणताना शीलाच्या याच शब्दांचं 'मोहात पाडणाऱ्या इतर सर्व मादक वस्तू' असं होतं, आणि लहान पोरं हमखास हसतात. कारण आमच्याकडे मोह हे झाड आहे. मार्च-एप्रिलात बाया पहाटेच झाडाखाली जातात, रात्रीत गळलेली पिवळट, गरदार फुलं टोपलीत वेचतात. अंगणात पसरली की ती तपकिरी पडून मनुकांसारखी आक्रसतात, आणि गोड-आंबूस वास विहाराच्या दारापर्यंत येतो. झाडाचा मोह संस्कृतातल्या मधूकातून आला, मनाचा मोह 'मुह्' धातूतून. नातं काही नाही. पण मधुक विनयातही आहे. भिक्खूंना सगळ्या फुलांचा रस चालतो, फक्त मधुकाच्या फुलाचा नाही. इंग्रजी भाषांतरात त्याचं ज्येष्ठमध झालेलं आहे. गडचिरोलीतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर ही चूक टळली असती.

तिथंच अंगदुखीच्या भिक्खूसाठी 'भंगोदक' सांगितलं आहे. भांगवाले हे भांगेचं पाणी समजून खूश होतात. अट्ठकथा, म्हणजे त्यावरची जुनी पाली टीका म्हणते, नाना पानं तोडून उकळलेलं पाणी, आणि तेही अंगावर शिंपून घाम काढायला.

आता अलीकडचं. १९६९ पासून भारतात सुरू झालेल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरांत पहिल्याच संध्याकाळी शील घ्यावं लागतं, सगळी नशा बाहेर ठेवून. उलट २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिकच्या प्रयोगात ३९ साधक पाच दिवसांच्या झेन पद्धतीच्या शिबिराला बसले. चौथ्या दिवशी काहींना सायलोसिबिन, म्हणजे त्या मशरूममधलं द्रव्य मिळालं, बाकीच्यांना बिनऔषधाची मात्रा. द्रव्य घेतलेल्यांत 'मी' विरघळल्याचा अनुभव जास्त नोंदला गेला आणि चार महिन्यांनीही त्यांच्यात फरक दिसत होता. म्हणजे पोरं सांगतात त्यात तथ्य आहे. सगळे साधक आधीपासून मुरलेले होते, हे भाषणात सहसा येत नाही.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपूरची २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. एलएसडी आणि सायलोसिबिन १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात बंद आहेत. भांगेची नुसती पानं त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत. गेल्या पावसाळ्यात एका पोरानं ओट्यावर विचारलं, आपल्या रानातल्या सात्यांत सायलोसिबिन असतं का. नसतं. सात्या वारुळावर उगवतात, त्यांची भाजी होते, आणि निवडताना ओळखीची नसलेली छत्री दिसली तर आजी ती टोपलीतून काढून कुंपणापलीकडे फेकते.