मूत्रपिंड नेमकं करतं काय? दोन हजार वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी असलेली मूत्रपिंडं वजनाने जेमतेम दीडशे-दीडशे ग्रॅमची. तरीही हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास पाचवा हिस्सा एकट्या त्यांच्याकडे जातो. त्या रक्तातून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी म्हणून बाहेर पडतो तो दीड लिटरच्या आसपास. बाकीचा सगळा, म्हणजे शंभरातले नव्व्याण्णव भाग, पुन्हा रक्तात परत घेतला जातो. मूत्रपिंडाचं खरं कौशल्य या परत घेण्यात आहे. ते लोकांना पटायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

त्याआधी साधा प्रश्न होता: लघवी येते कुठून? मूत्राशय ही पिशवी सगळ्यांना माहीत होती. सुश्रुतसंहितेत मूतखडा शस्त्रक्रियेने काढण्याची रीत इतक्या तपशिलाने दिली आहे, की लिहिणाऱ्याने ती जागा हाताने चाचपलेली असणार याबद्दल शंका राहत नाही. पण मूत्राशय भरतं कसं, याचं तिथलं उत्तर वेगळं आहे. नवा घडा तोंडापर्यंत पाण्यात ठेवला तर पाणी त्याच्या अंगांमधून पाझरून आत येतं, तसं मूत्राशय भरतं, असं सुश्रुत सांगतो. चरकसंहितेत दोन्ही वृक्कांचा, म्हणजे मूत्रपिंडांचा, उल्लेख आहे, पण त्यांना मेद, म्हणजे चरबी, वाहून नेणाऱ्या स्रोतसांचं (शरीरातल्या मार्गांचं) मूळ मानलं आहे. मूत्र वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ म्हणून बस्ती, म्हणजे मूत्राशय, आणि वंक्षण, म्हणजे जांघेचा भाग, सांगितला आहे. मूत्रपिंडं चरबीच्या जाड थरात गुरफटलेली असतात हे पाहता, मेदाशी त्यांची सांगड का घातली गेली असावी हे सहज लक्षात येतं. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलनेही मूत्रपिंडाला दुय्यमच ठरवलं होतं. प्राण्याला त्याची अगदी गरज असतेच असं नाही, असलं तर बरं, असं त्याचं मत.

दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने हा प्रश्न प्रयोगाने सोडवला, आणि तो प्रयोग आजही वाचताना थक्क व्हायला होतं. त्याच्या आधीच्या अस्क्लेपियाडीस नावाच्या वैद्याचं म्हणणं असं, की प्यायलेलं पाणी वाफ होऊन शरीरात पसरतं आणि मूत्राशयात पुन्हा पाणी होऊन साठतं. मूत्रपिंडातून निघणाऱ्या दोन नळ्या मग कशासाठी आहेत, याचं उत्तर या विचारात नव्हतं. गेलनने जिवंत प्राण्याच्या दोन्ही मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. मूत्राशय रिकामंच राहिलं आणि गाठीच्या वरचा नळ्यांचा भाग फुगून तट्ट झाला. दोरे सोडले, मूत्राशय भरलं. मग त्याने भरलेलं मूत्राशय दाबून पाहिलं. लघवी उलटी वर चढली नाही. शेवटी एकच नळी बांधून दुसरी मोकळी ठेवली. बांधलेली फुगली, मोकळीतून लघवी वाहत राहिली. एकेक शंका घ्यायची आणि एकेक गाठ बांधून ती मिटवायची, अशी ही पद्धत. रोज जनावरं कापणाऱ्या खाटकालाही या नळ्या कुठून कुठे जातात हे ठाऊक असतं, असं गेलनने विरोधकांना सुनावलं आहे.

लघवी मूत्रपिंडात होते, एवढं यातून पक्कं झालं. कशी होते, याला गेलनचं उत्तर होतं की रक्तातला पाणेरी भाग ओढून घेण्याची शक्ती मूत्रपिंडात असते. हे उत्तर पुढे हजार वर्षांहून अधिक काळ टिकलं. माणसाच्या शरीराचं विच्छेदन त्याने केलं नव्हतं, म्हणून उजवं मूत्रपिंड डाव्यापेक्षा वर असतं हे त्याचं विधानही तसंच चालत राहिलं. माणसात बहुधा उलट असतं. यकृताखाली उजवं मूत्रपिंड थोडं खाली असतं.

पुढचं पाऊल टाकलं ते इटलीतल्या पिसा इथल्या एका विद्यार्थ्याने. १६६२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लोरेन्झो बेलिनीने मूत्रपिंड कापून बारकाईने पाहिलं. तोवर हा अवयव म्हणजे घट्ट मांसाचा गोळा समजला जाई. बेलिनीला तो अतिशय बारीक नळ्यांचा जुडगा दिसला. कापलेला भाग दाबल्यावर नळ्यांच्या तोंडांतून पाण्याचे थेंब वर आले. त्याने ते जिभेवर ठेवले. चव खारट होती. चार वर्षांनी मार्चेल्लो माल्पिगीने धमनीतून रंगीत द्रव सोडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्यांना लगडलेले गोल ठिपके पाहिले. त्यांचा नळ्यांशी संबंध असणार, अशी त्याची अटकळ होती. तो दाखवणं मात्र त्याला जमलं नाही. पुढची पावणेदोनशे वर्षं हा दुवा तसाच तुटलेला राहिला.

मधल्या काळात रसायनाने मोलाची भर घातली. १८२१ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा यांनी प्राण्यांची मूत्रपिंडं काढून टाकली, तर त्यांच्या रक्तात युरिया, म्हणजे लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ, साचत गेला. म्हणजे युरिया मूत्रपिंडात तयार होत नाही. तो रक्तातून येतो आणि मूत्रपिंड त्याला फक्त बाहेर काढतं. सहा वर्षांनी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली. अंड्याच्या पांढऱ्यासारखी ती गोठली, कारण तीत प्रथिनं होती. त्यातले जे रुग्ण दगावले, त्यांच्या शवविच्छेदनात मूत्रपिंडं बिघडलेली आढळली. सूज, लघवीतलं प्रथिन आणि मूत्रपिंडाचा आजार यांचा असा मेळ त्याने घातला. लघवीत प्रथिन जातंय का, हा प्रश्न आजही मूत्रपिंडाच्या तपासणीत सुरुवातीलाच विचारला जातो.

१८४२ साल फार महत्त्वाचं. लंडनमध्ये पंचविशीतल्या विल्यम बोमनने धमनीतून रंग सोडून दाखवलं, की माल्पिगीचा प्रत्येक ठिपका म्हणजे केशवाहिन्यांचा, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांचा, गुच्छ आहे, त्याभोवती पातळ पिशवी आहे आणि त्या पिशवीतूनच नलिका सुरू होते. तुटलेला दुवा सापडला. या गुच्छ आणि नलिकेच्या जोडीला आज आपण नेफ्रॉन म्हणतो. एका मूत्रपिंडात ते सुमारे दहा लाख असतात. पण रचना पाहून बोमनने काढलेला निष्कर्ष असा: गुच्छातून फक्त पाणी येतं आणि युरियासारखे पदार्थ नलिकेच्या भिंतीतल्या पेशी त्यात सोडतात. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लुडविगने नेमकं उलट मांडलं. त्याच्या मते रक्ताच्या दाबामुळे प्रथिनं सोडून बाकी सगळं गुच्छातून गाळून पडतं आणि पुढे नलिकेत पाणी परत शोषलं जातं.

वाद पेटला तो इथे. १८७०च्या दशकात रुडॉल्फ हायडेनहाइनने प्राण्यांच्या रक्तात निळा रंग सोडला आणि तो नलिकेच्या पेशींमध्ये उतरलेला दाखवला. शिवाय त्याने हिशोब मांडला. दिवसभरात जेवढा युरिया बाहेर पडतो, तेवढा केवळ गाळून मिळवायचा तर रोज सुमारे ७० लिटर द्रव गाळला जायला हवा आणि त्यातला बहुतेक सगळा परत घेतला जायला हवा. इतकी उधळपट्टी शरीर कशाला करेल? हा युक्तिवाद बिनतोड वाटला आणि लुडविगची बाजू मागे पडली. मला या सगळ्या इतिहासात हा टप्पा सर्वांत बोलका वाटतो. हायडेनहाइनचा हिशोब ज्या दिशेला बोट दाखवत होता ती दिशा बरोबर होती. त्याने तो आकडा अशक्य मानून बाजूला सारला, आणि खरा आकडा त्याच्या अडीचपट निघाला.

निकाल लागला बेडकाच्या मूत्रपिंडावर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जोसेफ वर्न आणि ए. एन. रिचर्ड्स यांनी केसाहून बारीक टोकाची काचेची नळी घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली एकाच गुच्छाभोवतीच्या पिशवीत ती खुपसली आणि आतला द्रव ओढून घेतला. थेंबाचाही अगदी लहानसा अंश, पण तपासण्यापुरता. १९२४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. त्या द्रवात प्रथिन नव्हतं आणि साखर होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती. गुच्छातून साखर बाहेर पडली आणि वाटेत नलिकेने ती परत घेतली, याखेरीज दुसरा अर्थ लागत नाही. लुडविगचं गाळण खरं ठरलं. त्याच सुमारास ई. के. मार्शल यांनी दाखवलं, की काही पदार्थ नलिकेच्या पेशी स्वतःहूनही लघवीत टाकतात. काही समुद्री माशांच्या मूत्रपिंडात तर गुच्छच नसतात, तरी लघवी होते. बोमन आणि हायडेनहाइन यांच्या म्हणण्यातही तथ्य होतं.

एक कोडं उरलं. रक्तापेक्षा चौपट तीव्र लघवी मूत्रपिंड कशी काय करू शकतं? नलिकेला मध्ये एक लांब वळसा असतो, हे याकोब हेन्लेने १८६२ मध्येच पाहिलं होतं, पण त्याचा उपयोग कुणाला कळत नव्हता. उत्तर आलं स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या वेर्नर कून या रसायनशास्त्रज्ञाकडून. शेजारी शेजारी दोन नळ्यांतून उलटसुलट दिशांना द्रव वाहत असेल, तर टोकाकडे तीव्रता साचत जाते, हे तत्त्व त्याने या वळशाला लावलं. १९५१ मध्ये तिथेच उंदराच्या गोठवलेल्या मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली हळूहळू वितळवून पाहिले, कारण जिथे क्षार जास्त तिथलं बर्फ कमी तापमानाला वितळतं. आतल्या टोकाकडे जाताना क्षारांची तीव्रता पायरीपायरीने वाढत गेलेली दिसली. हेन्लेच्या वळशाचं काम समजायला नव्वद वर्षं लागली होती.

हे चालू असतानाच, जर्मनव्याप्त नेदरलँड्समधल्या कांपेन गावी विलेम कोल्फने १९४३ मध्ये सॉसेजसाठी वापरतात तसं सेलोफेन फिरत्या पिंपाला गुंडाळून रक्तातला युरिया काढणारं कृत्रिम मूत्रपिंड, म्हणजे डायलिसिसचं यंत्र, बनवलं. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण दगावले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई वाचली. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांच्या चमूने एका रुग्णाला त्याच्या जुळ्या भावाचं मूत्रपिंड बसवलं. कोल्फचं यंत्र युरिया काढू शकलं, पण मूत्रपिंड रक्तात काही सोडतही असतं. रक्तदाब वाढवणारं रेनिन स्टॉकहोममध्ये १८९८ मध्येच सापडलं होतं; तांबड्या पेशी बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन मुख्यतः मूत्रपिंडातून येतं हे १९५७ मध्ये उंदरांवर दिसलं. डायलिसिसवरच्या रुग्णांचा रक्तक्षय म्हणूनच हटत नव्हता, आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस हे संप्रेरक प्रयोगशाळेत बनवता येईपर्यंत त्यांतल्या अनेकांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागत असे.