तिनाचा सहा का होतो?

पहिलीत गेलेल्या माझ्या भाचीची दुरेघी वही परवा चाळत होतो. एका पानावर एक ते वीस अंक. बारा व्यवस्थित, तेराच्या जागी १६, चौदा-पंधरा ठीक, आणि सोळाच्या जागी १३. खाली दोन ओळी: ‘मि शाळेत जाते. माझि मनी पांढरि आहे.’ शिरोरेघा सरळ, ‘ळ’ तर माझ्यापेक्षा सुबक. पानाच्या तळाशी लाल शाईत शेरा: दहा वेळा लिहा.

या एका पानावरून घरात तीन मतं. आजीचं म्हणणं, पोरीचं लक्षच नसतं. शेजारच्या काकूंना डिस्लेक्सियाची, म्हणजे वाचन-लेखनातल्या जन्मजात अडचणीची शंका. आणि बहिणीने मोबाइलवर एक जाहिरात पुढे केली: मुलांचा ‘मिडब्रेन’ जागा करणारं सुट्टीतलं शिबिर, फी ऐकून मीच जागा झालो. या तिन्हींचा समाचार घेऊच, पण आधी ते पान नीट बघू.

३ आणि ६ शेजारी शेजारी लिहून बघा. शेपटीचा फरक सोडला तर एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप. आता ‘कि’ आणि ‘की’ लिहा. पहिल्या वेलांटीचा दंड अक्षराच्या डावीकडे, दुसरीचा उजवीकडे. मधोमध आरसा धरला तर एकीची दुसरी होते. ‘कु’ आणि ‘कू’ यांचंही बरंचसं तसंच. म्हणजे देवनागरीने वेलांटी-उकारांतला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद डाव्या-उजव्यावर टांगून ठेवलाय. आणि भाचीने काय केलं नाही तेही बघा. तिने एकही अक्षर डोक्यावर उभं केलेलं नाही. ‘ट’ चा पाय वर गेलेला नाही, ४ पालथा पडलेला नाही. तिच्या सगळ्या चुका एकाच जातीच्या आहेत. ज्या मुलांना शाळेत इंग्रजी अंक असतात त्यांचा 3 उलटा होतो, b चा d होतो; जात तीच. लक्ष नसलेलं मूल इतक्या शिस्तीत चुकत नाही.

वाचन ही मेंदूच्या दृष्टीने कालपरवाची गोष्ट आहे. लिपी जेमतेम पाच हजार वर्षांची, आणि सर्वसामान्य माणसाच्या हाती ती आली त्याला फार तर शे-दोनशे वर्षं झाली. एवढ्यात उत्क्रांती वाचनासाठी नवं यंत्र घडवत नाही. मग मेंदू हाताशी आहे त्यावरच भागवतो. डाव्या बाजूला, कानाच्या मागे खालच्या अंगाला एक पट्टा आहे, जो वस्तू, प्राणी, चेहरे ओळखण्याचं काम करतो. मूल वाचायला शिकलं की त्यातला एक छोटा तुकडा अक्षरांसाठी राखीव होतो. स्तानिस्लास दहान आणि लोराँ कोएन या फ्रेंच संशोधकांनी यावर आयुष्यातली बरीच वर्षं घालवली आहेत. गंमत म्हणजे लिपी चिनी असो, हिब्रू असो की रोमन, हा तुकडा जवळपास त्याच जागी सापडतो. गिलेन दहान-लांबेर्त्झ यांच्या गटाने तर शाळेच्या पहिल्या वर्षात दहा मुलांचे मेंदू पुन्हा पुन्हा स्कॅन केले. २०१८ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांत ही जागा अक्षरश: उगवताना दिसते. चेहऱ्यांची किंवा वस्तूंची जागा हिसकावली जात नाही. जिथे अजून कुणाचा पक्का मुक्काम नव्हता तिथे अक्षरं वस्तीला येतात.

आता मला सर्वांत आवडणारा भाग.

या पट्ट्याला लाखो वर्षांची एक सवय आहे: डावं-उजवं विसरण्याची. वाघ डावीकडून आला काय आणि उजवीकडून आला काय, तो वाघच, आणि दोन्ही वेळा पळायचंच आहे. डावी बाजू एकदा पाहिलेल्या वाघाची उजवी बाजू नव्याने शिकत बसलेला प्राणी आपला पूर्वज व्हायला उरला नसता. वर-खाली मात्र विसरून चालत नाही, कारण गुरुत्वाकर्षणामुळे जगात वरचं वर आणि खालचं खालीच असतं. म्हणून मेंदूने वर-खालीचा भेद राखला आणि डाव्या-उजव्याचा पुसला. हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. २००० साली जेनिफर रोलेनहेगन आणि कार्ल ओल्सन यांनी माकडांच्या याच भागातल्या एकेका चेतापेशीचे विद्युतस्पंद मोजले. एखादी आकृती आणि तिचं डावं-उजवं प्रतिबिंब यांना त्या पेशी जवळजवळ सारखाच प्रतिसाद देत होत्या. वर-खाली उलटवलेल्या आकृतीला तितका सारखा नाही. आरशातल्या जोडीचा गोंधळ थेट एका पेशीच्या पातळीवर नोंदला गेला.

म्हणजे सहा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला ३ आणि ६ ही एकाच प्राण्याची दोन तोंडं वाटतात, आणि तिच्या मेंदूचं जंगलाच्या हिशेबाने अगदी बरोबर आहे. वाचायला शिकताना तिला नवीन काही शिकायचंय त्याइतकंच जुनं काही मोडायचंही आहे. आणि ते मोडतं, याचा पुरावा आहे. फेलिपे पेगाडो यांच्या गटाने साक्षर आणि निरक्षर प्रौढांना चित्रांच्या जोड्या दाखवल्या: आरशातली असली तरी चित्रं तीच असतील तर ‘सारखी’ म्हणायचं. या कामात साक्षर अडखळले. वाचनाने त्यांची डावं-उजवं विसरण्याची हातोटी काढून घेतली होती. त्याहून मजेशीर निरीक्षण तमिळचं. तमिळ लिपीत आरशातली जोडी म्हणावी अशी अक्षरं नाहीत. १९९८ मध्ये ईव्ह डॅन्झिगर आणि एरिक पीडरसन यांनी दाखवलं, की फक्त तमिळ वाचता येणाऱ्या माणसांना आकृती आणि तिचं प्रतिबिंब वेगळं काढणं निरक्षरांइतकंच जड जात होतं. ही सवय साक्षरतेने सुटते खरी, पण त्या लिपीने तशी मागणी केली तरच. देवनागरी मागणी करते, वेलांटीच्या आणि उकाराच्या रूपाने.

डिस्लेक्सियाची भीती यातूनच आली आहे. अमेरिकेतले डॉक्टर सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ साली मांडलं होतं, की एका अर्धगोलात अक्षराची सुलट प्रत आणि दुसऱ्यात उलट प्रत साठते, आणि डावा अर्धगोल पुरेसा वरचढ झाला नाही की दोन्हींचं भांडण लागून मूल उलटं लिहितं. कल्पना देखणी होती; पुढे ती टिकली नाही. पण सिनेमा-मालिकांनी उलटं अक्षर म्हणजेच डिस्लेक्सिया हे समीकरण घरोघरी पोचवलं. पाच-सहाव्या वर्षी उलट लिहिणं सर्रास असतं आणि सात-आठपर्यंत ते बहुतेकांचं ओसरतं. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेक वेळा आवाजांत असतं: ‘कमळ’ मधला ‘क’ काढला तर काय उरेल, ‘पाटी’ आणि ‘काठी’ चा शेवट जुळतो का, हे मुलाला उमगत नाही. दुसरी-तिसरीतही मूल अक्षर-अक्षर जोडून वाचताना थकत असेल, तर तज्ज्ञाला जरूर दाखवा. नुसत्या उलट्या तिनासाठी दवाखाना नको.

आणि ते ‘मिडब्रेन’ शिबिर. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं पुस्तक वाचतात, रंग ओळखतात, असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. विवेकवादी कार्यकर्त्यांनी हा प्रकार कितीदा तरी उघडा पाडलाय: नाक आणि पट्टी यांच्यामध्ये फट राहते आणि मूल तिच्यातून बघतं. फट नीट बुजवली की अतींद्रिय शक्ती संपते. खरा मध्यमेंदू म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा भाग. डोळे कुठे वळवायचे याची झटपट व्यवस्था त्यात असते. विनोद असा, की वाचनाने त्याच्यात खरंच फरक पडतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक बायकाच, सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवून मायकेल स्काइडे आणि फाल्क ह्युटिग यांच्या गटाने आधी-नंतरचे स्कॅन घेतले. २०१७ साली त्यांनी लिहिलं, की मेंदूच्या बाह्यपटलातल्या दृष्टीच्या भागाचा मध्यमेंदूतल्या आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातल्या केंद्रांशी असलेला ताळमेळ वाढला होता. त्या शिकल्या त्या डोळे उघडे ठेवून, गावातल्या साध्या वर्गात.

मग घरी काय करायचं? डोळ्यांचा हा पट्टा डावं-उजवं विसरतो, पण मेंदूत दुसराही एक मार्ग आहे, वरच्या अंगाने जाणारा. वस्तू कुठे आहे आणि हात कसा न्यायचा हे तो बघतो. कपाचा कान डावीकडे आहे की उजवीकडे हे त्याला ठाऊक असावंच लागतं, नाहीतर चहा मांडीवर. त्याचं हे ज्ञान अक्षर ओळखणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचवायचं तर हात हलायला हवा. फ्रान्समध्ये मारिएके लोंगकाम्प यांनी प्रौढांना अनोळखी अक्षरं शिकवली, काही हाताने लिहून, काही कळफलकावर. काही आठवड्यांनी सुलट-उलट ओळखण्यात हाताने लिहिलेली अक्षरं पुढे होती. अमेरिकेत कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी २०१२ मध्ये अजून न वाचणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांवर असंच केलं, त्यात ठिपक्यांवरून गिरवणाराही एक प्रकार होता. नंतर अक्षर पाहताना वाचनाचं जाळं उजळलं ते मुख्यत: मोकळ्या हाताने लिहिलेल्या अक्षरांना. गिरवणं आणि टंकणं मागे राहिलं.

याचं कारण मला फार पटतं. मोकळ्या हाताने काढलेला प्रत्येक ‘क’ वेगळा येतो: एकाचं पोट फुगलेलं, एकाचा दांडा तिरका. हे सगळे वेडेवाकडे ‘क’ एकच आहेत, हे मेंदू त्यातून शिकतो. ठिपके जोडून आलेले वीस ‘क’ एकसारखे असतात, विसाव्यात शिकण्याजोगं नवं काही नसतं. दुकानातून ठिपक्यांच्या चार-चार वह्या आणणाऱ्यांनी एक आणावी आणि उरलेल्या पैशांत पाटी-पेन्सिल घ्यावी. पाटीवर मोठं अक्षर, शक्यतो खांद्यापासून हात हलेल एवढं, आणि काढताना तोंडाने आवाज. ३ आणि ६ एकाच दिवशी शिकवू नका. एकाची हालचाल हातात बसू द्या, मग दुसरा. दहा वेळा तेच चुकीचं लिहिण्यापेक्षा दोनदा बरोबर लिहून झोपलेलं बरं. हे झोपेचं गमतीने म्हणत नाही: ब्राझीलमधल्या पहिलीच्या मुलांना उलट-सुलट अक्षरांचा सराव देऊन लगेच झोपू दिलं, तेव्हा तो सराव पक्का झाला आणि वाचनाचा वेग दुपटीवर गेला, असा निष्कर्ष २०२१ साली आलाय.

तिनाचं निस्तरलं तरी ‘मि’ राहतोच. वेलांटीचं दुखणं दुहेरी आहे. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांना २००२ मध्ये हिंदी वाचणाऱ्यांतही ती अडखळवताना दिसली. त्यात मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ आपण सारखेच म्हणतो. मूल कानाला विचारतं आणि कान खांदे उडवतो. पण सगळीकडे नाही.

‘गरीब’ म्हणा. शेवटच्या ‘ब’ मधला अ आपण उच्चारत नाही, त्यामुळे ‘ब’ मागच्या अक्षराला टेकतो आणि ‘री’ लांबते. आता ‘गरिबाला’ म्हणा. ‘ब’ ला स्वत:चा आ मिळाला, तो सुटा झाला, आणि ‘रि’ आखडली. टाळ्या वाजवून बघा: ग-रीब, दोन, ग-रि-बा-ला, चार. वकील-वकिलाला, सून-सुनेला, मूल-मुलाला, वीट-विटेला, सगळीकडे हेच. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेल्या आणि १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून अठरा झालेल्या लेखननियमांत उपान्त्य, सामान्यरूप वगैरे शब्दांत हे सांगितलंय. सहा वर्षांच्या मुलीला उपान्त्य कळत नाही, टाळी कळते.

शेवटच्या अक्षराला तर टाळीही नको. मराठी शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला की तो दीर्घ: मी, माझी, पांढरी, तू, लाडू. ‘आणि’, ‘नि’ आणि ‘परंतु’-‘तथापि’ सारखी थोडी संस्कृत अव्ययं अपवाद. एवढ्या एका नियमाने भाचीच्या दोन ओळींतल्या तिन्ही वेलांट्या सुधारतात. पुढे पाचवीत हिंदीचं पुस्तक आलं की ‘कवि’, ‘गति’, ‘साधु’ दिसतील आणि मराठीत ‘कवी’, ‘गती’, ‘साधू’. तेव्हा दोन भाषांचे नियम वेगळे आहेत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मूल दोन्हीकडे मार्क घालवतं.

उरतात ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’ सारखे तत्सम शब्द, आणि शिर-शीर सारख्या जोड्या. टाळी वाजवली तर ‘गुण’ दीर्घ यायला हवा, पण संस्कृतातून आला तसाच ठेवलाय. इथे कान आणि टाळी दोन्ही निकामी. असे शब्द डोळ्यांखालून वारंवार जावे लागतात. डेव्हिड शेअर यांनी १९९५ साली मांडलं, की मूल एखादा शब्द स्वत: अक्षरं लावून बरोबर वाचतं तेव्हा त्याचं लिखित रूपही सोबत साठत जातं, आणि त्यासाठी मोजकेच प्रसंग पुरतात. अट एवढीच, की शब्द मुलाने स्वत: फोडायला हवा, आईने वाचून दाखवलेला तितका उपयोगी नाही. म्हणून मुलाच्या हाती पुस्तक द्यायचं ते त्याला येतं त्याहून किंचितच अवघड, आणि ‘मंदिर’ वर गाडी अडली तर लगेच शब्द न पुरवता दहा आकडे मनात मोजायचे.