जुन्या डॉस संगणकावर ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश आल्यास

नवी रॅम विकत घेण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, अशी सर्व ग्राहकांना विनंती आहे. संगणक सुरू होताना पडद्यावर १६३८४ केबी, म्हणजे पूर्ण १६ एमबी मेमरी मोजली जाते आणि तरीही एखादा प्रोग्राम मेमरी अपुरी असल्याचे सांगून चालण्यास नकार देतो, अशी तक्रार आमच्याकडे वारंवार येते. अशा वेळी रॅम वाढवल्याने सहसा फरक पडत नाही. मूळ पीसीतील ८०८८ प्रोसेसरला एकूण १ एमबी मेमरीच हाताळता येत असे, तिच्यातील वरचे ३८४ केबी डिस्प्ले कार्ड, बायोस (संगणक सुरू करणारा अंगभूत प्रोग्राम) इत्यादींसाठी राखलेले होते, आणि उरलेल्या ६४० केबींची ही मर्यादा डॉस या कार्यप्रणालीने पुढेही सांभाळली.

प्रोग्रामला याच ६४० केबींत जागा लागते, म्हणून प्रथम ‘मेम /सी /पी’ (MEM /C /P) ही आज्ञा द्यावी. कोणी किती जागा अडवली आहे, याची यादी दिसेल. तीत माऊसचा ड्रायव्हर (माऊस चालवणारा छोटा प्रोग्राम) दोनदा आढळल्यास तो कॉन्फिग.सिस (CONFIG.SYS) आणि ऑटोएक्झेक.बॅट (AUTOEXEC.BAT) या संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन्ही फायलींतून लोड होत आहे असे समजावे व एक ओळ काढावी.

कॉन्फिग.सिसमध्ये हायमेम.सिस (HIMEM.SYS) या मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची ओळ ईएमएम३८६ (EMM386) या तशाच दुसऱ्या ड्रायव्हरच्या आधीच असली पाहिजे. ‘डॉस=हाय,यूएमबी’ (DOS=HIGH,UMB) ही ओळ असल्यास डॉसचा बराचसा भाग ६४० केबीबाहेर जातो, आणि बाकीचे ड्रायव्हर ‘डिव्हाइस’ऐवजी ‘डिव्हाइसहाय’ने (DEVICEHIGH) लोड केल्यास तेही शक्य तितके वर सरकतात. ईएमएम३८६पुढे ‘नोईएमएस’ (NOEMS, म्हणजे एक्स्पांडेड मेमरी नको) लिहिणे बहुधा लाभाचे ठरते. मात्र एखादा प्रोग्राम एक्स्पांडेड मेमरी (जुन्या पद्धतीची जादा मेमरी) मागत असेल, तर तेथे ‘रॅम’ (RAM) लिहावे.

बदल करण्यापूर्वी दोन्ही फायलींची प्रत फ्लॉपीवर अवश्य घ्यावी. ही गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो, कारण एका चुकीच्या ओळीने संगणक मध्येच अडकू शकतो. तसे झाल्यास, एमएस-डॉस ६ किंवा त्यापुढील आवृत्तीत, डॉस सुरू होत असल्याचा संदेश दिसताच एफ५ दाबल्यास दोन्ही फायली वगळल्या जातात, तर एफ८ने ओळी एकेक करून तपासता येतात.

सुरुवातीचा आकडाच कमी येत असेल, तर दोष सेटिंगमध्ये नसून बहुधा रॅमच्या पट्टीत किंवा तिच्या बसवणीत असतो. वीजतार काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मगच पट्टीला हात लावावा. ७२ पिनांची पट्टी तिरपी घालून उभी करावी लागते आणि दोन्ही टोकांच्या क्लिपा ‘टक्’ आवाजाने बसल्या पाहिजेत. एकच बसली असेल, तर पट्टी काढून पुन्हा बसवावी. पेंटियम संगणकात या पट्ट्या साधारणपणे जोडीनेच, सारख्या क्षमतेच्या लागतात.