जिल्हा परिषद : १९६२ चा निर्णय आणि त्यानंतरची गळती

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तेव्हा त्याच्या ग्रामीण भागाचा कारभार तीन वेगवेगळ्या कायद्यांनी चालत होता. पश्चिम महाराष्ट्रात १९२३ च्या कायद्याखालची जिल्हा लोकल बोर्डे होती. विदर्भात १९४८ पासून तालुका पातळीवर जनपद सभा होत्या. मराठवाड्यातली जिल्हा बोर्डे हैदराबाद राज्याने अगदी शेवटच्या दिवसांत केलेल्या कायद्यावर उभी होती आणि त्यांना मूळ धरायलाही वेळ मिळाला नव्हता. नव्या राज्याला तिन्हीकडे चालेल असा एकच कायदा हवा होता. आजची जिल्हा परिषद या गरजेतून जन्माला आली.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने लोकल फंड समित्या आल्या. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा उपकर घ्यायचा आणि त्यातून रस्ते, शाळा, धर्मशाळा यांची कामे करायची, असा तो व्यवहार. १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे झाली, पण अध्यक्षपदाच्या खुर्चीवर कलेक्टरच बसत असे. १९२३ च्या कायद्यानंतर निवडून आलेल्या अध्यक्षांचा काळ सुरू झाला. त्याच दशकात सातारा आणि आसपासच्या जिल्ह्यांत ब्राह्मणेतर चळवळीतली माणसे बोर्डांत शिरली, आणि शेतकरी घरातल्या कार्यकर्त्याला सत्तेचा पहिला अनुभव तिथे मिळाला. जुनी माणसे अजूनही ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा दवाखाना’ म्हणतात ते या लोकल बोर्डामुळे. १९२३ मध्येच प्राथमिक शिक्षण या बोर्डांकडे सोपवले गेले, आणि १९४७ च्या नव्या शिक्षण कायद्याने त्यातला बराचसा ताबा सरकारने परत घेतला. अधिकार द्यायचे आणि पुढे वेगळ्या कायद्याने काढून घ्यायचे, ही रीत तेव्हापासूनची आहे.

खरा वाद झाला तो १९६० आणि १९६१ या दोन वर्षांत. केंद्राने नेमलेल्या एका समितीने १९५७ मध्ये देशभरासाठी त्रिस्तरीय रचना सुचवली होती. त्या रचनेत खरे बळ गटाकडे, म्हणजे पंचायत समितीकडे होते. जिल्हा परिषद सल्ला देणारी आणि देखरेख करणारी राहणार होती आणि तिचा अध्यक्ष जिल्हाधिकारी असणार होता. राजस्थानने १९५९ मध्ये गटालाच बळ देत सुरुवात केली. महाराष्ट्रानेही तोच मार्ग धरावा अशी अपेक्षा होती, आणि धरला असता तर कुणी नावे ठेवली नसती.

राज्याने मात्र तेव्हाच्या महसूलमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली. जून १९६० मध्ये नेमलेल्या या समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला आणि केंद्राच्या समितीची मांडणी दोन ठिकाणी उलटवली. पहिला बदल म्हणजे मुख्य घटक जिल्हा असेल. कारण व्यवहाराचे होते. कार्यकारी अभियंता, आरोग्य अधिकारी, शेती आणि पशुसंवर्धनातले तज्ज्ञ एका तालुक्याला पुरवणे परवडणारे नव्हते, जिल्ह्याला परवडणारे होते. शिवाय लोकल बोर्डांमुळे जिल्हा पातळीवर कारभार करण्याचा अनुभव गाठीशी होता. दुसरा बदल अधिक धाडसाचा होता. जिल्हाधिकारी परिषदेच्या बाहेर राहील. परिषदेला तिचा स्वतःचा, भारतीय प्रशासन सेवेतल्या दर्जाचा मुख्य कार्यकारी अधिकारी मिळेल आणि तो निवडून आलेल्या सभागृहाच्या ठरावांची अंमलबजावणी करील.

या दुसऱ्या शिफारशीला विरोध होणारच होता. सगळी खाती जिल्ह्यात एका सूत्रात बांधणारा माणूस एकच, तो म्हणजे कलेक्टर. त्याला वगळले तर समन्वय कोण करणार, असा आक्षेप होता. दोन मोठे अधिकारी एकाच जिल्ह्यात आले तर एकमेकांकडे कागद टोलवत बसतील, हीही भीती होती. तिसरा आक्षेप तालुक्याच्या बाजूने होता. जिल्ह्याचे ठिकाण खेडुताला लांब पडते, पंचायत समिती जवळची, मग बळ जवळच्याला का नाही? विदर्भात जनपद सभांची सवय झालेल्यांना हा प्रश्न अधिक टोचला असेल, कारण त्यांच्याकडे तालुक्याची संस्था होती आणि नव्या कायद्याने ती जाणार होती.

माझ्या मते कलेक्टरबद्दलचा निर्णय बरोबर होता, आणि त्याचे महत्त्व आजही पुरेसे ओळखले जात नाही. कलेक्टर अध्यक्ष असलेल्या सभेत शेतकरी सदस्य कितीही हुशार असला तरी बोलताना कचरतो, हे १८८४ नंतरच्या बोर्डांनी दाखवून दिले होते. नव्या कायद्याने हे नाते उलटे केले. अधिकारी सभेपुढे बसतो, उत्तरे देतो, मागच्या सभेचा अनुपालन अहवाल वाचतो. एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव झाला तर सरकारला त्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला परत बोलवावे लागते, अशी तरतूद कायद्यात घातली गेली. दुधाचे अनुदान, गळकी वर्गखोली किंवा रखडलेला पाझर तलाव यासाठी एखादा सदस्य सर्वसाधारण सभेत आवाज चढवून विचारू शकतो ते या रचनेमुळे.

तालुक्याच्या बाबतीत मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. पंचायत समिती परिषदेचा एक हात म्हणूनच राहिली. स्वतःचा कर लावण्याचा अधिकार तिला नाही. सभापती आणि गटविकास अधिकारी जिल्ह्याकडून आलेल्या योजना राबवतात, आणि गणातून, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातून, निवडून आलेल्या सदस्याला गावात दाखवण्याजोगे काम मिळवताना नाकी नऊ येतात.

कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला आणि मुंबई शहर वगळता २५ जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे नवे जिल्हे होत गेले तशा त्या वाढल्या. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावर आकडा ३४ वर गेला. आमदार-खासदारांना सभागृहात जागा दिली नव्हती, हाही तेव्हाचा विचारपूर्वक निर्णय. प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे, गुरांचे दवाखाने, शंभर हेक्टरपर्यंतचे लघुसिंचन, गावांना जोडणारे रस्ते एका छताखाली आले. वर्तमानपत्रे जिल्हा परिषदेला ‘मिनी मंत्रालय’ म्हणू लागली. सरपंच, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि मग विधानसभा, अशी चढण चढलेल्यांच्या हाती पुढे राज्याची सूत्रेही आली.

उत्पन्नाची बाजू मात्र पहिल्यापासून लंगडी होती. जमीन महसुलाच्या रुपयामागे २० पैसे उपकर, थोडे मुद्रांक शुल्क, काही फी. यालाच सगळे ‘सेस’ म्हणतात. बाकी सगळा पैसा सरकारी अनुदानाचा. शिक्षकांचे पगार सरकारकडून येतात आणि ते वजा केले तर परिषदेला स्वतःच्या मर्जीने खर्च करता येईल असे थोडेच उरते. त्यातलेही २० टक्के मागासवर्गीयांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे असतात, आणि ते योग्यच आहे.

गळती सुरू झाली ती १९७० च्या दशकात. दुष्काळातून आलेली रोजगार हमी योजना महसूल यंत्रणेकडे, म्हणजे कलेक्टर आणि तहसीलदारांकडे गेली. गावातली मातीकामे, तलाव, रस्ते हे परिषदेचेच विषय. तरी त्यांवरचा मोठा पैसा तिच्या सभेपुढे आला नाही. जिल्ह्याच्या नियोजनासाठी त्याच दशकात वेगळे मंडळ आले. लोक त्याला आजही डीपीडीसी म्हणतात. तिथे अध्यक्ष पालकमंत्री आणि सचिव जिल्हाधिकारी. १९६२ मध्ये ज्याला दारातून बाहेर ठेवले होते, तो शेजारच्या दारातून जिल्ह्याच्या पैशापाशी येऊन बसला.

आमदारांनाही वेगळी वाट मिळाली. ग्रामविकासाच्या ‘पंचवीस-पंधरा’ या लेखाशीर्षाखाली लोकप्रतिनिधींनी सुचवलेली कामे मंजूर होतात. एखाद्या गावातल्या सभामंडपावरची पाटी नीट वाचली तर कुणाच्या निधीतून हे ठळक अक्षरांत असते आणि काम करून घेणाऱ्या परिषदेच्या बांधकाम विभागाचे नाव खाली बारीक. रस्त्यांतही अशीच वाटणी आहे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग परिषदेचे, त्यावरचे प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे. आरोग्यात उपकेंद्र आणि प्राथमिक केंद्र परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे, तर ग्रामीण रुग्णालय आणि ‘सिव्हिल’ राज्याच्या शल्यचिकित्सकाकडे. रुग्णाला पुढे पाठवायचे तर एका यंत्रणेतून दुसरीत.

निवडणुकांचेही तसेच. १९७९ नंतरची निवडणूक १९९२ मध्ये झाली. मधली तारीख पुन:पुन्हा पुढे ढकलली गेली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांत निवडणूक बंधनकारक केली आणि १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग आला. १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ अशा बहुतेक जिल्ह्यांच्या निवडणुका वेळेवर झाल्या. महिलांसाठीच्या एक तृतीयांश जागा २०११ मध्ये निम्म्या झाल्या. अध्यक्षपद अडीच वर्षांचे, आरक्षण सोडतीने फिरते. त्यामुळे ज्या घरांना कधी खुर्ची मिळाली नसती त्यांनाही मिळाली. पण अडीच वर्षांत अर्थसंकल्प समजून घेईपर्यंत मुदत संपते, हेही अध्यक्षपदावर बसलेल्या कित्येकींनी अनुभवले आहे.

त्याच घटनादुरुस्तीच्या काळात आणखी एक संधी होती. शहरांसाठीच्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत असे सांगितले. राज्याने १९९८ मध्ये तसा कायदा केला, पण अध्यक्षपद पालकमंत्र्याकडेच ठेवले आणि सचिवपद जिल्हाधिकाऱ्याकडे. (गोव्यात तर १९९४ च्या कायद्याने आलेल्या दोन जिल्हा पंचायतींना पहिल्यापासूनच फारसे अधिकार मिळाले नाहीत.) पुढे २०१५ ते २०२० या काळात केंद्रीय वित्त आयोगाचे ग्रामीण अनुदान पूर्णपणे ग्रामपंचायतींना गेले. गावांच्या हाती थेट पैसा आला हे चांगले झाले, पण परिषद आणि पंचायत समितीच्या सदस्यांकडे त्या निधीतले काहीच उरले नाही. नंतरच्या आयोगाच्या काळात ८० टक्के ग्रामपंचायत आणि प्रत्येकी १० टक्के वरच्या दोन स्तरांना, अशी वाटणी झाली.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांचे आरक्षण धरून एकूण आरक्षण ५० टक्क्यांपुढे जाऊ नये, आणि त्यासाठी आधी आयोग नेमून माहिती गोळा करावी, असा निर्णय दिला. अकोला, वाशीम, नागपूर, धुळे, नंदुरबार इथल्या काही निवडून आलेल्या सदस्यांच्या जागा त्यामुळे रिकाम्या झाल्या आणि त्याच वर्षी पोटनिवडणुका झाल्या. मार्च २०२२ मध्ये २५ जिल्हा परिषदा आणि २८४ पंचायत समित्यांची मुदत संपली. आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात, सदस्यसंख्या एका सरकारने वाढवलेली आणि पुढच्याने ती मूळपदावर आणलेली, गट (इथे परिषदेचे मतदारसंघ) आणि गणांची रचना पुन्हा पुन्हा बदललेली. निवडणूक झाली नाही, प्रशासक आले.

जिल्हा परिषदेचा प्रशासक म्हणजे तिचाच मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रस्ताव तयार करणारा तोच आणि सर्वसाधारण सभेचे, स्थायी समितीचे अधिकार वापरून त्याला मंजुरी देणाराही तोच. विषय समित्या बसल्या नाहीत, आयत्या वेळच्या विषयांत कुणी शाळेच्या छपराचा प्रश्न काढला नाही. अर्थसंकल्प त्याच अधिकाऱ्याने मांडला आणि त्यानेच मंजूर केला. अधिकारी प्रामाणिक असोत वा नसोत, १९६१ च्या समितीने सभेपुढे उत्तर देणारा अधिकारी कल्पिला होता आणि इथे सभाच नव्हती. न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे आदेश दिले. इतर मागासवर्गीयांच्या जागा जुलै २०२२ च्या आयोग-अहवालाआधी होत्या तशाच ठेवायच्या, आणि सगळे अंतिम निकालाच्या अधीन, असे त्या आदेशात होते. चार महिन्यांची ती मुदतही पुढे वाढवावी लागली.