रेसट्रॅकचे दगड आणि काचेइतका पातळ बर्फ

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरला. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत दगड आपोआप चालतात, विज्ञानानेही तिथे हात टेकले, वगैरे. मी त्या दगडांशेजारी उकिडवा बसून आलोय, म्हणून लिहायला घेतलं. विज्ञानाने हात टेकलेले नाहीत. उत्तर २०१३ च्या डिसेंबरातच सापडलं, आणि ते कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा सुंदर आहे.

लास वेगासहून निघालो, गाडी भाची चालवत होती. दोन-अडीच तासांत डेथ व्हॅलीतलं फर्नेस क्रीक. १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली ती इथे. जवळच्या बॅडवॉटर या खोलगट भागातल्या पांढऱ्या मिठावर उभं राहिलं की आपण समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असतो. उत्तरेला युबीहीबी हे ज्वालामुखीचं विवर आहे. तिथे डांबरी रस्ता संपतो आणि पुढे सुमारे ४३ किलोमीटर पन्हाळी पत्र्यासारखा लाटालाटांचा कच्चा रस्ता. धारदार खडीने टायर फाटतात, त्यामुळे स्टेपनी तपासूनच निघावं. वाटेत टीकेटल जंक्शन नावाचा तिठा लागतो, तिथल्या पाटीला लोकांनी किटल्या टांगल्या आहेत.

आणि मग रेसट्रॅक प्लाया. सुमारे साडेचार किलोमीटर लांब, दोन किलोमीटर रुंद, जवळजवळ पाटासारखा सपाट असा आटलेल्या तळ्याचा तळ. आपल्याकडे मे महिन्यात पाझर तलावाचा तळ भेगाळतो तसाच, फक्त प्रत्येक खपली टणक आणि तळहाताएवढी. दक्षिणेच्या कड्यावरून डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाचे दगड खाली पडतात. त्यांतले कितीतरी दगड मैदानात दूरवर उभे, आणि प्रत्येकामागे एक लांब चर. चरावरून बोट फिरवलं. आतून गुळगुळीत, दोन्ही काठांवर चिखलाची बारीक वरंबी. दगड गडगडत नाही, घसरत जातो.

वाऱ्याने ढकलला म्हणावं तर हिशोब जमत नाही. पंधरा किलोचा, वीतभर उंचीचा दगड धरू. ओल्या निसरड्या चिखलावरसुद्धा तो हलवायला साधारण साडेचार किलो वजनाएवढा जोर लागेल. ताशी अठरा किलोमीटरचा वारा त्या दगडावर जेमतेम ४५ ग्रॅमचा जोर लावतो. नुसत्या वाऱ्याने हलवायचा तर ताशी सुमारे एकशेऐंशी किलोमीटरचं वादळ हवं.

मग जोर येतो कुठून? बर्फातून. वाळवंट म्हटलं की आपल्याला फक्त उन्हाळा आठवतो, पण रेसट्रॅक समुद्रसपाटीपासून ११३० मीटर उंचीवर आहे आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. पाऊस किंवा बर्फाचं पाणी डोंगरावरून उतरतं, चिकणमाती ते मुरू देत नाही, उथळ तळं साचतं आणि रात्री वरचा थर गोठतो. बर्फाने दगड घट्ट धरून नेले असतील ही कल्पना जुनीच होती. पण १९७० च्या दशकात रॉबर्ट शार्प आणि ड्वाइट केरी या भूशास्त्रज्ञांनी दोन दगडांभोवती खुंट्या ठोकल्या, तर एक दगड खुंट्यांमधून निसटला आणि दुसरा जागीच राहिला. जाड बर्फ खुंट्यांना अडला असता, म्हणून त्यांनी बर्फच नाकारला.

चूक जाडीत होती. रिचर्ड नॉरिस आणि जेम्स नॉरिस या संशोधक चुलतभावांनी बाहेरून आणलेल्या पंधरा दगडांत जीपीएस बसवून ते इथे ठेवले. २०१३ च्या डिसेंबरात ते आले तेव्हा मैदानावर काही सेंटिमीटर पाणी होतं, वर तीन ते सहा मिलिमीटरचा, खिडकीच्या काचेसारखा बर्फ. उन्हं चढल्यावर तो तडकला आणि त्याचे दहा-वीस-तीस मीटरचे तक्ते मंद वाऱ्यावर तरंगू लागले. दर चौरस मीटरला वारा ढोबळ मानाने फक्त सहा ग्रॅमचा जोर लावतो. पण तक्ता तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद असला तर नऊशे गुणिले सहा, म्हणजे ५४०० ग्रॅम! आपल्या पंधरा किलोच्या दगडाला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त. बर्फ दगडाला उचलत नाही, मागून रेटतो. तक्ता म्हणजे आडवं पसरलेलं शीडच. आणि इतका पातळ बर्फ खुंटीपाशी मोडून पुढे सरकू शकतो. २० डिसेंबरला साठहून अधिक दगड हलले, मिनिटाला दोन ते पाच मीटर या संथ गतीने. जवळपास खूण नसेल तर नजरेला कळणारही नाही. चर पाण्याखाली उमटतात आणि तळं आटल्यावरच दिसतात, म्हणून इतकी वर्षं चर सगळ्यांना दिसले, पण दगड चालताना कुणाला दिसला नाही.

परग्रहवासी आणि चुंबकीय शक्तीचे व्हिडिओ पाठवणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. डोलोमाइटला चुंबक ओढत नाही, ते घरीही पाहता येतं. त्याहून राग येतो तो मैदानावर गाडी घालणाऱ्यांचा आणि दगड उचलून नेणाऱ्यांचा. ओल्या मातीतलं पाऊलही इथे वर्षानुवर्षं राहतं.

परतताना भाचीने थांबवलं. "मामा, हे दोन बघ." दोन दगड, दोन चर. दोघेही सरळ गेलेले, मग एकाच ठिकाणी डावीकडे वळलेले, आणि पुढे पुन्हा समांतर. तिने मधलं अंतर पावलांनी मोजलं. अकरा पावलं भरली. त्या दिवशीचा बर्फाचा तक्ता निदान एवढा तरी रुंद होता.