मलाशयातले न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: पार्श्वभूमी

१९०७ साली सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी लहान आतड्यातल्या काही छोट्या, सावकाश वाढणाऱ्या गाठींना 'कार्सिनॉइड' (कर्करोगासारखं) म्हटलं. आज यांनाच न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींच्या गाठी, म्हणतात. यातल्या काही गाठी पसरतात, हे १९२९ मध्ये त्यांनी स्वतःच मान्य केलं. नाव मात्र टिकलं आणि 'हे सौम्यच असतं' हा समजही त्याच्याबरोबर टिकला.

१९१४ मध्ये गोसे आणि मासोन यांनी अपेंडिक्समधल्या अशा गाठींच्या पेशी चांदीच्या क्षाराने काळ्या पडतात हे दाखवलं आणि त्यांचं नातं आतड्यातल्या अंतःस्रावी पेशींशी जोडलं. हा काळेपणा या पेशी बनवत असलेल्या सेरोटोनिन या रसायनामुळे येतो. मलाशयातल्या बहुतेक गाठी मात्र एल-पेशी या आतड्यातल्या वेगळ्या अंतःस्रावी पेशींच्या जातीच्या. त्या ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड आणि पेप्टाइड वायवाय ही संप्रेरकं बनवतात, सेरोटोनिन क्वचितच. त्यामुळे तिथे हा रंग सहसा येत नाही, आणि सेरोटोनिन बनवणाऱ्या गाठींत दिसणारी चेहरा लाल होणं, जुलाब ही लक्षणंही जवळजवळ दिसत नाहीत. १९६३ मध्ये विल्यम्स आणि सँडलर यांनी भ्रूणाच्या अग्र, मध्य आणि पश्च आतड्यानुसार (मलाशय पश्च आतड्यातलं) या गाठींची विभागणी केली, तेव्हा या वेगळेपणाला चौकट मिळाली.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (प्रतिपिंडांनी पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखण्याची पद्धत) आल्यावरही हा चकवा संपला नाही. क्रोमोग्रॅनिन ए हा न्यूरोएंडोक्राइन पेशींचा मार्कर (ओळख पटवणारं प्रथिन) मलाशयात अनेकदा निगेटिव्ह किंवा पुसट येतं. फक्त त्याच्यावर विसंबलं तर निदान हातचं जातं. सिनॅप्टोफायसिन हा दुसरा मार्कर लावायलाच हवा. दुसरा सापळा जास्त वाईट. या गाठी प्रोस्टॅटिक ॲसिड फॉस्फटेज या प्रोस्टेट ग्रंथीच्या मार्करला बऱ्याचदा पॉझिटिव्ह असतात. वयस्कर पुरुषाची मलाशयाची बायोप्सी, चिमट्याने चिरडलेल्या पेशींच्या फिती आणि हा एकच मार्कर पाहिला, तर रिपोर्टवर प्रोस्टेटचा कर्करोग यायला वेळ लागत नाही. सोबत पीएसए (प्रोस्टेटचा दुसरा मार्कर) आणि सिनॅप्टोफायसिन लावलं की गोंधळ मिटतो.

ग्रेडिंगला, म्हणजे गाठ किती वेगाने वाढते याची प्रत ठरवण्याला, खरा आधार मिळाला तो १९८३ मध्ये वर्णन झालेल्या केआय-६७ मुळे. हे विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींत दिसणारं प्रथिन आहे. आजची पद्धत अशी: सर्वांत दाट रंगलेली जागा शोधून किमान ५०० ट्यूमर पेशी मोजायच्या. त्यातल्या रंगलेल्या पेशी ३ टक्क्यांखाली असतील तर ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, २० च्या वर ग्रेड ३. विभाजित होणाऱ्या पेशी १० चौरस मिलिमीटरमध्ये मोजून आकडा २ चौरस मिलिमीटरला लिहायचा. दोन्हींत तफावत असेल तर वरचा ग्रेड धरायचा. नजरेनेच अंदाज बांधला किंवा मधे शिरलेले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मोजले, तर ग्रेड १ चा ग्रेड २ सहज होतो. छोट्या बायोप्सीत १० चौरस मिलिमीटर जागाच नसते, हे रिपोर्टमध्ये लिहिलेलं बरं.

२०१० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात केआय-६७ २० टक्क्यांवर असलेलं सगळंच कार्सिनोमा (आक्रमक कर्करोग) ठरत होतं. २०१९ मध्ये ते सुधारलं. पेशींची ठेवण शाबूत असेल तर तो ग्रेड ३ ट्यूमर. न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा वेगळा. कार्सिनोमात बहुधा टीपी५३ आणि आरबी१ ही जनुकं बिघडलेली असतात, म्हणून शंका आली की त्यांची प्रथिनं, पी५३ आणि आरबी, रंगवून पाहणं उपयोगी पडतं. दोघांवरचे उपचार वेगळे असल्याने हा भेद महत्त्वाचा.

कोलोनोस्कोपीत सापडणारी नेहमीची गाठ १० मिलिमीटरपेक्षा लहान, पिवळसर आणि सबम्यूकोसात (आतल्या अस्तराखालच्या थरात) बसलेली असते. वरून ती साधा पॉलिप वाटते, म्हणून नेहमीच्या तारेच्या फाशाने कापली जाते आणि खालच्या कडेला ट्यूमर राहतो. अशा तुकड्याच्या कापल्या बाजूला शाई लावून, कडेला काटकोनात काप घेतले तरच खोल मार्जिन, म्हणजे खालच्या कडेपर्यंत ट्यूमर आहे का, हे वाचता येतं. मोठा आकार, स्नायूथरात शिरकाव, रक्तवाहिनी किंवा लसीकावाहिनीतला प्रवेश आणि वरचा ग्रेड या गोष्टी पसरण्याचा धोका वाढवतात, म्हणून रिपोर्टमध्ये त्या एकेक करून नोंदवतात. २० मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या गाठीत लसीकाग्रंथी तपासल्याशिवाय पुढचा निर्णय होत नाही.